आधी पाणी पिणाऱ्यांना सांग

पत्र :

ताई, मी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष आहे. घर इंदापूर तालुक्यात, वडिलांची उसाची आणि डाळिंबाची शेती. इथे सिंहगड रस्त्याच्या बाजूला मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. आमच्या भागात महापालिकेचं पाणी पुरत नाही, सोसायट्या टँकरवर चालतात. म्हणून डिझर्टेशनला टँकरच्या पाण्याची गुणवत्ता हाच विषय घेतला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठ सोसायट्यांतून आणि दोन विहिरींवरून नमुने घेतले. पाच सोसायट्या आणि एका विहिरीच्या पाण्यात दूषितपणाची खूण मानले जाणारे जंतू, कोलिफॉर्म निघाले, दोन सोसायट्यांत नायट्रेटही जास्त आहे. एका सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, "हे कुठे लिहू नकोस, फ्लॅट विकले जाणार नाहीत." टँकरवाल्याने विहिरीवर पुन्हा दिसलीस तर बघ म्हणून दम दिला. गाईड सर म्हणतात, थिसिस सबमिट होईपर्यंत कोणाला काही बोलू नकोस, आणि एवढ्यावर भागणार नाही, जड धातूही तपास. आमचे वॉचमनकाका त्याच टाकीचं पाणी पितात. रोज येता-जाता भेटतात आणि माझी मान खाली जाते. मी गप्प राहू का? घरी बाबा वेगळंच विचारतात, "पाण्याच्या बाटल्या भरून पुढे काय करणार?" त्यांनाही उत्तर देता येत नाही.
— अ., पुणे

उत्तर :

प्रिय अ.,

गप्प राहू नकोस. ज्यांच्या टाकीतलं पाणी तू बाटलीत भरून नेलंस, त्यांचा त्या निकालावर तुझ्या थिसिसच्या आधीचा हक्क आहे. तू जिथे राहतेस तिथे हे पटवून द्यायला लांब जावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. हातापायांतली ताकद जाणारी, काहींना व्हेंटिलेटरवर नेणारी माणसं. राज्यात संशयितांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि मग विहीर, टाकी, टँकर, खासगी आरओ केंद्रं अशी सगळ्यांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. ही तपासणी माणसं आजारी पडल्यावर झाली. तुझ्या हातातले निकाल कोणी आजारी पडण्याआधीचे आहेत, म्हणून त्यांची किंमत मोठी आहे.

पण उद्या सकाळी उठून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकू नकोस. सांगण्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करायचं आहे.

तू "कोलिफॉर्म निघाले" एवढंच लिहिलं आहेस. कोणते? एकूण कोलिफॉर्म मातीतून, जुन्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरातूनही येतात. ई. कोलाय निघाला तर मात्र माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात पोचली आहे, असंच समजायचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. यात थोडाफार चालतो, असं नाही. तुमच्या लॅबने एमपीएन पद्धतीने, म्हणजे किती नळ्यांत जंतू वाढले त्यावरून अंदाज काढून, फक्त एकूण कोलिफॉर्मचा आकडा दिला असेल, तर त्याच पॉझिटिव्ह नळ्यांवरून पुढची खात्रीची चाचणी करून घ्यायला हवी होती. ती झाली नसेल तर आता नव्या नमुन्यांवर कर.

दुसरं, नमुना कुठून घेतला होतास? गच्चीवरच्या टाकीतून, की कोणाच्या घरच्या नळाला? कारण तुझ्या पत्रात टँकरवाला आधीच गुन्हेगार ठरला आहे, आणि तो कदाचित नसेल. टँकरच्या वाटेवर पाणी निदान चार ठिकाणी बदलू शकतं. विहीर किंवा बोअर हे पहिलं. टँकर आणि त्याचा तो जमिनीवरून फरफटत नेलेला होज पाइप हे दुसरं. सोसायटीची जमिनीखालची टाकी हे तिसरं, आणि गच्चीवरची टाकी व तिथून उतरणारे नळ हे चौथं. या चारही जागांचे नमुने एकाच दिवशी, एकाच फेरीच्या पाण्याचे घे. टँकर रिकामा होत असताना पाइपाच्या तोंडाशी धरलेला नमुना स्वच्छ निघाला आणि खालच्या टाकीचा खराब, तर दोष सोसायटीच्याच आवारात आहे. जमिनीखालच्या टाकीपासून दोन हातांवर ड्रेनेजचं चेंबर, टाकीच्या झाकणाला फट, पावसात पार्किंगमधलं पाणी त्या फटीतून आत, असं दृश्य आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत आहे. मी तुझ्या जागी असते तर नमुन्याच्या आधी टाकीचं झाकण उघडून बघितलं असतं. तुझ्या वहीत चेंबर आणि टाकी यांच्यातलं अंतर टेपने मोजून लिहिलेलं असू दे. परीक्षकाला ते एका ओळीत पुष्कळ सांगून जाईल.

बाटलीबद्दलही विचारते, कारण इथेच सगळ्यांत जास्त नमुने वाया जातात. जंतूंच्या तपासणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं होतं का? पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल आणि बाटलीत थायोसल्फेट नसेल, तर तू लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतं आणि निकाल खोटा स्वच्छ येतो. म्हणजे तुझ्या यादीतल्या ज्या तीन सोसायट्या चांगल्या निघाल्या, त्यांची मला पाच वाईट सोसायट्यांइतकीच काळजी वाटते. त्यांचेही नमुने पुन्हा घे. नळाचं तोंड स्पिरिटने पुसून घे, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू दे, निर्जंतुक बाटली आतून विसळू नकोस, वर थोडी हवा राहू दे, बर्फाच्या डब्यात ठेव आणि त्याच दिवशी लॅबमध्ये पोचव. प्रत्येक फेरीत एका बाटलीत लॅबमधलं निर्जंतुक पाणी भरून तीही बरोबर फिरव. त्या बाटलीत जंतू निघाले तर चूक आपल्या हाताची आहे हे कळेल. सेक्रेटरी जेव्हा म्हणतील की "तुमच्या मुलांनी नीट घेतलं नसेल", तेव्हा हीच बाटली तुझ्या बाजूने उभी राहील.

शिल्लक क्लोरीन मात्र तिथल्या तिथे मोज, ते प्रवासात उडून जातं. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्टच्या छोट्या पेटीवर काम चालवतात. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, नाही आला की नाही. डिझर्टेशनसाठी डीपीडी गोळ्यांचा किट वापरलास तर आकडा जास्त भरवशाचा मिळेल. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन मिळायला हवं. टँकरवाले आणि सोसायट्या दोघंही तुला टीडीएसचा मीटर दाखवतील, "बघा मॅडम, ३०० आहे, एकदम गोड पाणी." टीडीएस विरघळलेले क्षार सांगतो. जंतूंबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. तीनशे टीडीएसच्या पाण्यात मैला मिसळलेला असू शकतो. हे एवढं जरी तू त्या आठ सोसायट्यांत समजावून आलीस, तरी मोठं काम झालं असं मी म्हणेन.

ही दुसरी फेरी होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं का? नाही. ज्या सोसायट्यांचा निकाल आज खराब आहे, तिथे आजच जाऊन सांग : "पहिल्या तपासणीत संशय आला आहे, पुन्हा तपासते आहे, तोवर प्यायचं पाणी उकळून घ्या." खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यायचं आणि झाकून ठेवायचं. यात कोणाचं काही बिघडत नाही. आठवड्याने दुसरा निकाल स्वच्छ आला तर तेही जाऊन सांगायचं.

मात्र नायट्रेटवाल्या दोन सोसायट्यांत हा सल्ला अपुरा आहे, तिथे सांभाळून बोल. मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. मोठ्या माणसाला एवढ्याने लगेच काही होत नाही, पण वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला या पाण्यात पावडर कालवून देणं धोक्याचं असतं. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. तेव्हा त्या दोन इमारतींत सहा महिन्यांच्या आतली बाळं कोणाकडे आहेत, हे आधी विचार आणि त्या घरांना दुसऱ्या खात्रीच्या पाण्याची सोय करायला सांग. आरओ फिल्टर चालू स्थितीत असेल तर तो नायट्रेट काढतो. साधा कँडलचा किंवा यूव्हीचा फिल्टर काढत नाही. कोलिफॉर्म आणि नायट्रेट एकाच ठिकाणी असतील, तर जवळपासचा सेप्टिक टँक किंवा फुटलेली ड्रेनेज लाइन शोध. दोघंही एकाच वाटेने आलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आता वॉचमनकाका. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. सोसायटीत बहुतेक घरांच्या ओट्यावर आरओ असतो. सेक्रेटरींच्या घरीही असेल. टाकीचं पाणी जसंच्या तसं कोण पितं? वॉचमन आणि त्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, घरकामाच्या मावश्या, इस्त्रीवाला, शेजारच्या प्लॉटवरचे बांधकाम मजूर, पार्किंगच्या नळाला तोंड लावून पिणारी मुलं. तुझ्या प्रश्नावलीत "घरात फिल्टर आहे का" हा प्रश्न नक्की असेल, पण ती प्रश्नावली तू फ्लॅटच्या दारातच भरून घेतली असशील. तिला खाली उतरव. याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. कोण कुठल्या पाण्याला तोंड लावतो, हा प्रश्न या शहरात जुना आहे, आणि टँकरच्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या मुलीला तो टाळून पुढे जाता येणार नाही. काकांना सांगायला सेक्रेटरींची परवानगी लागत नाही. त्यांना घाबरवू नकोस. एवढंच सांग की पाणी उकळून प्या, आणि घरात कोणाला जुलाब झाले तर अंगावर काढू नका. मग सेक्रेटरींना सुचव की तळमजल्याला, सगळ्यांच्या हाताशी, एक फिल्टरचा नळ बसवा. शंभर फ्लॅटच्या सोसायटीला तो खर्च काहीच नाही.

सेक्रेटरींशी भांडू नकोस. त्यांची भीती खोटी नाही. लोकांनी आयुष्याची कमाई त्या फ्लॅटमध्ये घातलेली असते. त्यांना दोन गोष्टींचा शब्द दे. एक, थिसिसमध्ये सोसायटीचं नाव येणार नाही. "स १", "स २" असे क्रमांक येतील, आणि नकाशावर ठिपका इतका मोठा असेल की इमारत ओळखू येणार नाही. दुसरं, निकाल आधी त्यांना मिळेल, तोही लेखी, आणि त्यात काय करायचं हेही असेल : दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून घेणं, झाकणाची फट बुजवणं, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करणं, आणि दर टँकरमागे वॉचमनने शिल्लक क्लोरीन बघून वहीत नोंद करणं. ही वही सुरू झाली तर तुला आयता डेटा मिळेल. तरीही ते म्हणाले की कोणाला सांगू नका, तर तू शांतपणे म्हण, "काका, ज्यांनी मला त्यांच्या नळातून नमुना दिला त्यांना मी त्यांचा निकाल सांगणार आहे." त्या नळाचं पाणी पिणाऱ्याला नळाबद्दल सांगण्यापासून तुला कोणी अडवू शकत नाही.

दुसऱ्या फेरीतही विहीर खराब निघाली, तर ती बाब सोसायटीच्या पलीकडे जाते. त्या विहिरीवरून किती टँकर कुठे-कुठे जातात, हे तुलाही पुरतं माहीत नसेल. अशा वेळी महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि पाणीपुरवठा विभागाला पत्र द्यायचं. विहीर हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला. पत्र तुझ्या एकटीच्या सहीने देऊ नकोस. विभागप्रमुखांमार्फत, कॉलेजच्या लेटरहेडवर दे. त्यात आरोप नको. तारीख, जागा, काय सापडलं, कुठल्या पद्धतीने, आणि "कृपया आपल्या प्रयोगशाळेकडून फेरतपासणी व्हावी" एवढी विनंती. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणीच्या लॅब आहेत, फेरतपासणी अवघड नाही. पत्राची पोच घे. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत फाइलला लाव. महिन्याभरात काहीच हललं नाही, तर त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात अर्ज कर. दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्याच अर्जात टँकर भरणा केंद्रांवरच्या महिनावार फेऱ्यांचे आकडेही मागून घे, थिसिसला लागतीलच.

सरांबद्दल. ते तुला घाबरवत नाहीत, ते स्वतः धास्तावले आहेत, असं मला पत्रावरून वाटतं. विद्यार्थिनीच्या एका फेरीच्या निकालावरून उद्या बातमी झाली आणि निकाल चुकीचा ठरला, तर जाब त्यांना विचारला जाणार. ही भीती दूर करायचा उपाय म्हणजे वर सांगितलेली दुसरी फेरी. ती आधी आखून त्यांच्यापुढे ठेव आणि मग विचार, "सर, खात्री झाल्यावर त्या-त्या घराला त्याचाच निकाल कळवला तर चालेल ना?" थिसिसचा मजकूर, तक्ते, निष्कर्ष काहीच बाहेर जात नाही. आपल्या नमुन्याचा निकाल आपल्याला कळणं म्हणजे पेपर आधीच छापला जाणं नव्हे. नियतकालिकं सहसा त्यावरून पेपर नाकारत नाहीत. पुढच्या फेरीच्या संमतीपत्रात एक ओळच घालून टाक : "आपल्या नमुन्याचा निकाल आपणास १५ दिवसांत कळवला जाईल." मग हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहणार नाही, तुझ्यानंतर येणाऱ्या मुलींपुढेही नाही. आणि आजारपणाचे प्रश्न विचारणार असशील तर कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घे.

जड धातूंच्या बाबतीत मात्र मी सरांशी सहमत नाही, आणि हे तू त्यांना आदराने पण ठामपणे सांगावंस. विहिरीच्या वरच्या अंगाला कारखाना, गॅरेजची रांग किंवा कचराडेपो असता तर मीच तुला शिसं आणि क्रोमियम तपासायला सांगितलं असतं. तसं काही नसताना दहा नमुन्यांवर आठ धातू तपासून ऐंशी आकड्यांचा तक्ता होईल आणि त्यातून कळणार काही नाही. तुझा पैसा आणि वेळ ऋतूंवर घाल.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, मध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. त्यामुळे एका प्लॉटवरच्या बोअरला धो-धो पाणी आणि शेजारच्याला धूळ, हे आपण नेहमी बघतो. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, उथळ विहिरी काठोकाठ भरतात, आणि त्याच उथळ थरात सेप्टिक टँकचं आणि नाल्याचं पाणीही मुरत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तू मोजलंस ते हे पाणी. जसजसा उन्हाळा चढतो तसतशा या विहिरी तळ गाठतात, आणि टँकरवाला दुसरीकडे जातो. खोल बोअरवर, लांबच्या गावातल्या विहिरीवर. म्हणजे तुझी "स ३" सोसायटी ऑक्टोबरमध्ये एका विहिरीचं पाणी पिते आणि मेमध्ये भलत्याच. रहिवाशांना याचा पत्ता नसतो, टँकरचा रंगही तोच असतो. कुठल्या महिन्यात कुठल्या सोसायटीचं पाणी कुठून आलं, याची वर्षाची नोंद मला तरी फारशी कुठे बघायला मिळालेली नाही. तुझ्या डिझर्टेशनचा गाभा तिथे आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तुला तेवढं जमणार नाही, पण आत्ताची फेरी, एक फेब्रुवारीत आणि एक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एवढं जमेल. सबमिशनची तारीख आड येत असेल तर आजच सरांशी बोलून ठेव. नमुने थोडे राहू देत, पण त्याच विहिरी, तेच नळ. विहिरीवर गेलीस की दोरीला वजन बांधून पाण्याची पातळीही मोज. फुकटात मिळणारा आकडा आहे.

यासाठी तुला तो टँकरवाला लागेल. पाणी कुठून कुठे जातं हे या भागात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही : कुठली विहीर शिमग्याला आटते, कुठल्या बोअरचं पाणी मचूळ आहे म्हणून लोक परत पाठवतात, रात्री किती वाजता रांग लागते. त्याने दम दिला, कारण तुझ्या बाटलीत त्याला त्याची गाडी बंद पडताना दिसली. विहिरीवर एकटी मुळीच जाऊ नकोस, वर्गातल्या दोघांना बरोबर घे. जमल्यास सरांनाही एकदा. भरण्याच्या घाईत नको, दुपारी, गाड्या उभ्या असताना जा. पहिल्या भेटीत बाटली काढूच नकोस. त्याच्या धंद्याबद्दल विचार आणि ऐक. नाव, गाडीचा नंबर, विहीरमालक यातलं काही वहीत लिहिणार नाहीस असं सांग आणि ते पाळ. त्याच्याही विहिरीचा निकाल आधी त्याला दे. टाकी धुणं, होज जमिनीला टेकू न देणं आणि मापाने क्लोरीन घालणं, यात त्याचं नुकसान नाही. उलट "आमचं पाणी क्लोरीन घातलेलं" हे तो सोसायट्यांना अभिमानाने सांगू शकेल. नाहीच ऐकलं आणि पुन्हा धमकावलं, तर ती विहीर सोड. सोसायटीच्या दारात टँकर रिकामा होताना नमुना घेता येतो, आणि तिथे तू सुरक्षित आहेस. तुझ्या जिवापेक्षा कुठलाही नमुना मोठा नाही, हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे.

बाबांचा प्रश्न उरला. त्यांना विहिरी, टँकर, कोलिफॉर्म यातून सुरुवात करून सांगू नकोस. आवर्तनापासून, म्हणजे कालव्याला सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीपासून सुरुवात कर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. त्यातूनच पुणं पितं आणि त्यातूनच मुठा उजवा कालवा दौंड-इंदापूरकडे जातो. पुण्याची तहान वाढली की उन्हाळी आवर्तन लांबतं, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पुण्याने वापरलेलं पाणी शुद्ध करून, मुंढव्याच्या जॅकवेलमधून उपसून बेबी कालव्याने शेतीला द्यायचं ठरलं, तेही त्यांनी ऐकलं असेल, आणि त्या पाण्याचा वासही शेतकऱ्यांनी घेतलेला आहे. बाकीचं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. तुझ्या तालुक्याला पुण्याचं पाणी दोन्ही बाजूंनी मिळतं, कालव्याने आणि उजनीच्या फुगवट्याने. शहराने आपल्या हद्दीतल्या विहिरी घाण होऊ न देता राखल्या, तर तेवढा धरणावरचा भार हलका होतो. हे मोजणारी माणसं लागतात आणि त्यांतली एक त्यांची मुलगी आहे, असं सांगून बघ.

आणि त्यांना पोटापाण्याचंच विचारायचं असेल, जे बापाने विचारावंच, तर तेही उत्तर आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, महापालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांवरच्या लॅब, मान्यताप्राप्त खासगी लॅब, पाण्यावर काम करणाऱ्या संस्था. या सगळ्यांना स्वतः विहिरीवर जाऊन नमुना घेतलेला, निर्जंतुक पाण्याची बाटली बरोबर फिरवलेला आणि पोच घेतलेला माणूस हवा असतो. सरकारी जागा कधी निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून एमपीएससीचा फॉर्म भरायचा तर भर. अभ्यास सकाळी कर आणि नमुने आधी ठरवलेल्या तारखांनाच घे. फेब्रुवारीची फेरी परीक्षेसाठी पुढे ढकलू नकोस, मार्चमध्ये ती विहीर वेगळी असेल.

आज संध्याकाळी खाली उतरशील तेव्हा वॉचमनकाकांशी बोल, आणि त्या दोन इमारतींत तान्ही बाळं आहेत का ते उद्याच्या उद्या बघ.

तुझी,
ताई